फ्रँकलिन पिअर्सला तळाचा क्रमांक कशासाठी?

औदुंबर (धागाकर्ता)

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची गुणानुक्रमे यादी लावण्याचा उद्योग तिथले इतिहासकार नेमाने करत असतात. सी-स्पॅन वाहिनीने २०२१ साली घेतलेल्या अशा पाहणीत ४४ जणांमध्ये फ्रँकलिन पिअर्सला ४२वे स्थान मिळाले. त्याच्याखाली अँड्र्यू जॉन्सन आणि अगदी तळाला जेम्स ब्युकॅनन. जॉन्सनवर महाभियोग चालला म्हणून तो लोकांना ठाऊक असतो, ब्युकॅननच्या डोळ्यांदेखत देश फुटला म्हणून त्याचेही नाव निघते. १८५३ ते १८५७ या काळात व्हाइट हाउसमध्ये बसलेला हा चौदावा राष्ट्राध्यक्ष मात्र इतका वाईट ठरूनही कोणाच्या लक्षात नाही, हे मला चमत्कारिक वाटते.

थोडी ओळख करून देतो. न्यू हॅम्पशायरमधील हिल्सबरो येथे १८०४ साली जन्म, वडील गव्हर्नर, स्वतः वकील, तिशीच्या आत प्रतिनिधिगृहात आणि त्यानंतर चारच वर्षांनी सिनेटमध्ये. मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात ब्रिगेडियर जनरल. १८५२ साली बाल्टिमोरच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाच्या मातब्बर इच्छुकांनी एकमेकांना अडवून धरले, पस्तिसाव्या फेरीपर्यंत ज्याचे नावही कोणी घेतले नव्हते तो पिअर्स मधूनच पुढे आला आणि ४९व्या फेरीत उमेदवार झाला. त्यानंतरच्या निवडणुकीत ३१ पैकी २७ राज्ये त्याच्या पदरात पडली.

माझे मत असे आहे की, त्याला तळाला बसवणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे १८५४चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा (त्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नाही हे तिथल्या रहिवाशांवर सोडणारा). तो बाजूला ठेवला तर कारभार सामान्य होता, पण इतका टाकाऊ नव्हता. शिवाय हा माणूस पदावर आला तोच वैयक्तिक आयुष्यात कोसळलेला होता. क्रमवारी लावताना या गोष्टीचा विचार व्हावा की नाही, यावर जाणकारांनी लिहावे.

रेघोट्या

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव निवडतानाही शेवटी हेच होते: ज्याच्याबद्दल कोणालाच मत नसते त्याच्यावर सगळ्यांचे एकमत होते. ४९ फेऱ्या मात्र आम्ही अजून गाठलेल्या नाहीत.

कालिंदी_प

औदुंबर, तुम्ही ज्याचा ओझरता उल्लेख केला आहे तो प्रसंग नीट सांगितल्याशिवाय या माणसाबद्दल बोलूच नये, असे मला वाटते. पिअर्स दांपत्याला तीन मुलगे झाले. पहिला जन्मल्यावर काही दिवसांतच गेला, दुसरा चार वर्षांचा असताना तापाने गेला. उरला तो बेनी. वडिलांना उमेदवारी मिळाल्याची बातमी ऐकून आई जेन भोवळ येऊन पडली होती आणि बेनीनेही आईला लिहिले होते की, बाबा निवडून न आले तर बरे, मला वॉशिंग्टनला राहायला आवडणार नाही.

६ जानेवारी १८५३ रोजी, म्हणजे शपथविधीला दोन महिनेही उरले नसताना, हे तिघे मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हरहून आगगाडीने निघाले. स्थानक सोडून थोडे अंतर जाते न जाते तोच आस तुटला आणि डबा बांधावरून खाली गडगडत गेला. आईवडील जवळजवळ सहीसलामत राहिले. अकरा वर्षांचा बेनी त्यांच्या समोर गेला. डोक्याला झालेली जखम इतकी भयंकर होती की, त्याची टोपी उचलेपर्यंत पिअर्सला काय झाले आहे याची कल्पना आली नव्हती, असे वर्णन केले जाते.

नवऱ्याला राज्यकारभारात दुसरे व्यवधान राहू नये म्हणून देवाने आपले मूल नेले, अशी जेनची समजूत झाली. ती शपथविधीला गेली नाही. पुढची जवळपास दोन वर्षे ती व्हाइट हाउसच्या वरच्या मजल्यावर राहून मेलेल्या मुलाला पत्रे लिहीत असे. ४ मार्चला पिअर्सने एकही कागद हातात न धरता तीन हजारांहून अधिक शब्दांचे भाषण पाठ म्हटले आणि त्यात, तुम्ही मला माझ्या दुबळेपणात बोलावून घेतले आहे, आता तुमच्या बळावर मला सांभाळा, अशा आशयाचे वाक्य आहे. अशा मनःस्थितीतल्या माणसाच्या चार वर्षांच्या कामाला गुण देताना परीक्षकाचा हात थोडा थांबायला हवा.

साक्षेप

कालिंदीताई, प्रसंग हृदयद्रावक आहे यात शंकाच नाही. पण दुःखामुळे निर्णय चुकला, असे म्हणायचे असेल तर तो निर्णय दुःखात असलेल्या, गोंधळलेल्या माणसाचा होता हे दाखवावे लागेल. पुरावा उलट दिशेला जातो.

१८२०च्या मिसूरी तडजोडीने लुइझियाना खरेदीच्या प्रदेशात, मिसूरी राज्य वगळता, ३६ अंश ३० मिनिटे या अक्षवृत्ताच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी केली होती. इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लस याला शिकागोहून पॅसिफिककडे जाणारी रेल्वे हवी होती. त्यासाठी कॅन्सस आणि नेब्रास्का यांना प्रदेश म्हणून रीतसर संघटित करणे भाग होते आणि दक्षिणेकडचे सिनेटर त्या बंदीचे कलम उडवल्याशिवाय मते द्यायला तयार नव्हते. २२ जानेवारी १८५४ या रविवारी ही मंडळी युद्धमंत्री जेफरसन डेव्हिसला मध्यस्थ करून व्हाइट हाउसमध्ये गेली. पिअर्स रविवारी सरकारी काम करत नसे, तरी भेट झाली. पिअर्स शब्दाला जागेल याची खात्री नसलेल्या डग्लसने तडजोड निष्प्रभ झाल्याचे कलम खुद्द राष्ट्राध्यक्षाच्या हस्ताक्षरात लिहून घेतले. नंतर हे विधेयक पक्षनिष्ठेची कसोटी म्हणून पुढे रेटण्यात आले, सरकारी नेमणुकांचे आमिष आणि धाक दोन्ही वापरण्यात आले आणि ते प्रतिनिधिगृहात ११३ विरुद्ध १०० असे मंजूर झाले. ३० मे रोजी त्यावर पिअर्सची सही झाली.

चार महिने चाललेला हा उद्योग आहे. त्याला हतबलता म्हणता येणार नाही.

औदुंबर (धागाकर्ता)

साक्षेप, माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. त्या रविवारी डग्लसला हस्ताक्षर मागावेसे वाटले, यातच पिअर्सबद्दलचे त्याच्या सहकाऱ्यांचे मत दिसते. समोर बसलेल्या शेवटच्या माणसाला तो हो म्हणतो, अशी त्याची ख्याती होती. ही स्वभावाची दुर्बलता आहे, दुष्टपणा नव्हे.

साक्षेप

मग कॅन्ससमध्ये काय झाले तेही पाहावे. ३० मार्च १८५५ रोजी तिथल्या विधिमंडळाची निवडणूक झाली. त्याआधीच्या शिरगणतीत मतदार निघाले होते २,९०५ आणि मते पडली ६,३०७. मिसूरीतून गुलामगिरी समर्थकांच्या टोळ्यांनी सीमा ओलांडून येऊन मतदान केले होते. पिअर्सनेच नेमलेला गव्हर्नर अँड्र्यू रीडर याने त्यातल्या काही जागांचे निकाल अमान्य केले, तर जमिनीच्या व्यवहारांचे कारण पुढे करून त्यालाच काढून टाकण्यात आले. जानेवारी १८५६ मध्ये पिअर्सने खास संदेश धाडून त्या बनावट विधिमंडळाला कायदेशीर ठरवले आणि गुलामगिरीविरोधकांनी टोपेका येथे स्थापलेल्या सरकारला क्रांतिकारक ठरवून टाकले. त्या वर्षीच्या मे महिन्यात लॉरेन्स गाव लुटले गेले, दुसऱ्याच दिवशी सिनेटच्या सभागृहात गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स सम्नरला छडीने बेशुद्ध होईपर्यंत मारहाण झाली आणि त्यानंतर दोन दिवसांनी कट्टर गुलामगिरीविरोधक जॉन ब्राउनच्या माणसांनी पॉटावाटोमी येथे पाच जणांना रात्री घराबाहेर ओढून ठार केले. शेवटच्या माणसाला हो म्हणणारा मनुष्य कधीतरी चुकून दुसऱ्या बाजूलाही हो म्हणतो. हा एकदाही म्हणाला नाही.

दक्षिणवारा

मी अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये राहतो, त्यामुळे पिअर्सच्या बाजूने एक शब्द बोलणे माझे कर्तव्य आहे. तो नसता तर माझे घर मेक्सिकोत असते. १८५३च्या अखेरीस जेम्स गॅड्सडेनने मेक्सिकोशी जो करार केला आणि पुढच्या वर्षी सिनेटने काटछाट करून मंजूर केला, त्यातून एक कोटी डॉलरला जवळपास ३०,००० चौरस मैलांचा पट्टा अमेरिकेला मिळाला. आजच्या अ‍ॅरिझोनाचा दक्षिण भाग आणि न्यू मेक्सिकोचा एक कोपरा त्यात येतो. तुम्ही नकाशावर पाहिलेत तर अमेरिकेच्या मुख्य भूमीची दक्षिण सीमा तेव्हा जी ठरली तीच, किरकोळ फेरफार सोडता, आज आहे.

अर्थात हेही सांगितले पाहिजे की गॅड्सडेन हा दक्षिण कॅरोलिनाचा रेल्वेवाला होता आणि ही जमीन हवी होती ती दक्षिणेकडून पॅसिफिकला जाणाऱ्या रेल्वेसाठी. गाडी इथे पोचली १८८० साली. तोपर्यंत ज्यांच्यासाठी ती आखली त्यांचे गुलामगिरीचे जग उरले नव्हते.

रेघोट्या

परदेशी जमिनीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पिअर्सचा उपराष्ट्राध्यक्ष विल्यम किंग क्षयाने आजारी होता आणि हवापालटासाठी क्यूबात राहिला होता. त्यामुळे काँग्रेसने खास कायदा केला आणि त्याचा शपथविधी क्यूबातच झाला. तो मायदेशी परतला आणि १८ एप्रिल १८५३ रोजी, वॉशिंग्टनला पायही न लावता, वारला. ते पद उरलेला सगळा कार्यकाळ रिकामे राहिले. पुढे १८५४ साली पिअर्सच्या तीन वकिलातींच्या प्रमुखांनी बेल्जियममधील ऑस्टेंड येथे जमून, स्पेनकडून क्यूबा विकत घ्यावा आणि न दिल्यास हिसकावून घेणेही समर्थनीय ठरेल, असा खलिता लिहिला. तो फुटला आणि सगळ्या युरोपात शोभा झाली. उपराष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीची जागा स्मारक म्हणून ताब्यात घ्यायची असावी.

स्वस्थचित्त

या चर्चेत अजून न आलेली एक गोष्ट मी मांडते, कारण माझे काम मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे आणि पिअर्सचे नाव मला त्यातूनच कळले. डॉरथिया डिक्स या बाईंनी तुरुंगांत आणि धर्मशाळांत साखळ्यांनी बांधून ठेवलेल्या मनोरुग्णांची पाहणी करण्यात कित्येक वर्षे घालवली होती. रुग्णालयांच्या खर्चासाठी केंद्र सरकारने राज्यांना सरकारी जमीन द्यावी, असे त्यांचे विधेयक होते. त्यात मनोरुग्णांसाठी एक कोटी एकर आणि अंध व मूकबधिरांसाठी आणखी काही अशी तरतूद होती. वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर १८५४ साली दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. ३ मे रोजी पिअर्सने ते नाकारले. त्याचे म्हणणे असे की, देशभरच्या दानधर्माचा भार केंद्र सरकारने उचलावा असा कोणताही अधिकार मला राज्यघटनेत सापडत नाही. हेतूबद्दल मला सहानुभूती आहे, असेही त्याने त्याच संदेशात लिहिले.

या नकाराचा परिणाम दीर्घकाळ टिकला. समाजकल्याण हे राज्यांचे काम, केंद्राचे नव्हे, हा पायंडा १९३०च्या दशकापर्यंत चालत राहिला. क्रमवारीच्या चर्चेत हा कायम तळटिपेत जातो, आणि कॅन्सस सोडून बाकी कारभार बरा होता, असे म्हणणाऱ्यांना तो सहसा आठवत नाही.

साक्षेप

स्वस्थचित्त, तुम्ही दिलेली तारीख फार महत्त्वाची आहे. त्याच महिन्यात पुढे काय घडले ते जोडून पाहावे.

२४ मे १८५४ रोजी बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स या तरुणाला पकडण्यात आले. तो व्हर्जिनियातून पळून आलेला गुलाम होता आणि तिथे एका कपड्याच्या दुकानात काम करत होता. त्याला सोडवण्यासाठी जमावाने न्यायालयाच्या इमारतीवर चाल केली, त्यात पहाऱ्यावरचा एक माणूस मारला गेला. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी वाटेल तो खर्च करा, असा निरोप वॉशिंग्टनहून तारेने आला. २ जून रोजी सैनिकांच्या रांगांमधून, काळे कापड लावलेल्या खिडक्यांखालून बर्न्सला बंदरावर नेण्यात आले आणि सरकारी जहाजाने व्हर्जिनियाला परत पाठवण्यात आले. एका माणसाला गुलामीत परत पोचवण्याचा खर्च तेव्हाच्या अंदाजाने ४०,००० डॉलरच्या घरात गेला. पुढच्याच वर्षी बोस्टनकरांनी त्याला १,३०० डॉलरला विकत घेऊन मुक्त केले.

म्हणजे ३ मे रोजी मनोरुग्णांसाठी घटनेत अधिकार सापडत नाही, २४ मेनंतर बर्न्ससाठी वाटेल तेवढा पैसा सापडतो आणि बर्न्सची अटक व पाठवणी यांच्या मधल्या काळात, ३० मे रोजी, कॅन्ससच्या कायद्यावर सही होते. घटनेचा हा अर्थ लावण्यात त्याची सुसंगती नव्हती असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, पूर्ण सुसंगती होती. गुलाममालकांची मालमत्ता घटनेत त्याला स्पष्ट दिसत होती, बाकीचे दिसत नव्हते.

रेघोट्या

यावर विनोद करण्याची इच्छा होत नाही.

कापूसकोंड्या

कॅन्ससमध्ये पेटलेली आग आपल्याकडे कशी पोचली तेही कोणीतरी लिहायला हवे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यामुळे मुंबईहून जाणाऱ्या कापसाचे भाव गगनाला भिडले. खानदेश आणि वऱ्हाडातला शेतकरी कापसाकडे वळला, मुंबईत पैशाचा पूर आला, बँका आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. १८६५ साली युद्ध संपताच सगळा डोलारा कोसळला आणि भलेभले व्यापारी दिवाळखोर झाले.

दुसरा धागा याहून मोलाचा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ज्यांनी तिथल्या काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य, निरपेक्षता आणि परोपकारबुद्धी दाखवली. बर्न्सला सोडवायला धावलेले बोस्टनकर, कॅन्ससमध्ये जाऊन वस्ती करणारे लोक हे त्या अर्पणपत्रिकेच्या पात्रांपैकी आहेत. पिअर्सने ज्यांना देशाची शांतता बिघडवणारे माथेफिरू ठरवले, त्यांची वीस वर्षांच्या आत पुण्यातून वाखाणणी झाली.

कालिंदी_प

फुल्यांचा उल्लेख समर्पक आहे. कापसाच्या तेजीचे खापर मात्र पिअर्सवर फोडू नये. १८५४ आणि १८६१ यांच्या मध्ये ब्युकॅनन आहे, गुलाममालकांच्या बाजूने लागलेला ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल आहे, लिंकनची निवड आहे. नाहीतर मुंबईचे कापूस व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या दिवाळखोरीलाही न्यू हॅम्पशायर जबाबदार ठरेल.

शिक्का_मोर्तब

बौद्धिक संपदेचा कायदा शिकायला मी न्यू हॅम्पशायरच्या राजधानीत, काँकर्डमध्ये, होतो. तिथल्या विधी महाविद्यालयाला पिअर्सचेच नाव आहे. या विषयासाठी ते नावाजलेले असल्याने भारतातून बरेच विद्यार्थी तिथे जातात, पण नाव कोणाचे हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असे. गावात त्याचे जुने घर जतन केलेले आहे आणि राज्याच्या विधान भवनासमोर त्याचा पुतळा आहे.

त्या पुतळ्याची कथा या धाग्यात शोभेल. तिथेच जॉन हेल याचाही पुतळा आहे. हे दोघे एकाच महाविद्यालयात शिकलेले आणि एकाच पक्षात वाढलेले. टेक्सासच्या विलीनीकरणाने गुलामगिरी फैलावेल म्हणून १८४५ साली हेलने पक्षादेश झुगारला, तेव्हा राज्यातील पक्षाचा सूत्रधार असलेल्या पिअर्सने त्याची उमेदवारी काढून घेतली. हेल पुढे गुलामगिरीविरोधी सिनेटर झाला. त्याचा पुतळा १८९२ साली उभा राहिला. राज्यातून राष्ट्राध्यक्षपदी पोचलेल्या एकमेव माणसाचा पुतळा त्याच आवारात यायला १९१४ साल उजाडले. राज्याचे पैसे त्यासाठी द्यायला लोकप्रतिनिधी कित्येक वर्षे तयार नव्हते. तेव्हा पिअर्सला नंतरच्या पिढ्यांनी खाली ढकलले असे समजू नये, घरच्यांनीच ते आधी केले होते.

औदुंबर (धागाकर्ता)

शिक्का_मोर्तब, ही माहिती नवीन आहे, धन्यवाद. १८४५चा हेलचा प्रसंग माझ्या दुर्बळ स्वभावाच्या मांडणीत बसत नाही हे खरे. तिथे पिअर्स चांगलाच कठोर दिसतो.

मैत्रीच्या बाबतीत मात्र त्याच्यासाठी काही गुण राखून ठेवावेत. कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न हा त्याचा महाविद्यालयापासूनचा मित्र. त्याने १८५२ साली त्याचे प्रचारचरित्र लिहून दिले आणि पिअर्सने त्याला लिव्हरपूलला वाणिज्यदूत नेमले, हा देवघेवीचा भाग झाला. पण १८६३ साली पिअर्स उत्तरेत सर्वत्र बदनाम झालेला असताना हॉथॉर्नने प्रकाशकाचा विरोध पत्करून आपले पुस्तक त्याला अर्पण केले. पुढच्या वर्षी मे महिन्यात दोघे सहलीला निघाले असता प्लिमथच्या खाणावळीत रात्री पिअर्सला जाग आली, शेजारच्या खोलीत जाऊन त्याने मित्राच्या कपाळाला हात लावला तर ते गार पडलेले होते. जेन त्याआधी काही महिन्यांपूर्वीच गेली होती. पिअर्स स्वतः १८६९ साली यकृताच्या विकाराने वारला. दारूने त्याची आयुष्यभर पाठ सोडली नाही.

रेघोट्या

दारूवरून १८५२च्या प्रचारात विरोधकांनी त्याला 'अनेक बाटल्यांच्या लढाया जिंकलेला वीर' असे म्हटले होते. मेक्सिकोच्या युद्धात घोडा उधळला, जांघेत मार बसला, घोडा गुडघ्यावर पडला आणि साहेबांची शुद्ध हरपली, त्याचेही भांडवल झाले. दुसऱ्या दिवशी तसाच लंगडत तो पुन्हा रणांगणावर गेला होता हे मात्र कोणी छापले नाही.

आता मूळ प्रश्नावर येतो. त्याच २०२१च्या यादीत विल्यम हेन्री हॅरिसन ४०वा आहे. हा गृहस्थ १८४१ साली राष्ट्राध्यक्ष झाला आणि ३१ दिवसांत वारला, त्यातले शेवटचे काही दिवस अंथरुणात. म्हणजे काहीही न करणारा पिअर्सच्या दोन घरे वर आहे. औदुंबर, याला न्याय म्हणायचे का?

साक्षेप

माझ्या मते तोच न्याय आहे. त्या पाहणीत दहा निकष असतात: संकटातील नेतृत्व, नैतिक अधिकार, काँग्रेसशी संबंध, सर्वांना समान न्याय मिळावा यासाठी केलेले प्रयत्न, प्रशासकीय कौशल्य इत्यादी. प्रशासनात पिअर्सला चांगले गुण मिळायला हरकत नाही. चार वर्षांच्या पूर्ण मुदतीत ज्याच्या मंत्रिमंडळातला एकही माणूस बदलला नाही असा तो एकटाच राष्ट्राध्यक्ष आहे. पण तेच मंत्रिमंडळ जेफरसन डेव्हिसच्या सल्ल्याने चालत होते आणि तो डेव्हिस पुढे फुटून निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष झाला. राजकीय परिणामही बघा: १८५४च्या निवडणुकीनंतर प्रतिनिधिगृहात उत्तरेकडील डेमोक्रॅटांची संख्या ९१ वरून २५ वर घसरली, त्या कायद्याच्या विरोधातून रिपब्लिकन पक्ष जन्माला आला आणि १८५६ साली पिअर्सच्या स्वपक्षाने त्याला पुन्हा उमेदवारी नाकारून ब्युकॅननला दिली.

कालिंदी_प

बेनीबद्दल मी लिहिले ते मागे घेत नाही. साक्षेप यांचा मे १८५४चा हिशेब मात्र मला मान्य आहे. दुःखाने माणूस कामाकडे पाठ फिरवतो, हे मी समजू शकते. पिअर्सने पाठ फिरवली नव्हती. बोस्टनला तार पाठवण्याइतका तो सावध होता.

औदुंबर (धागाकर्ता)

इतक्या प्रतिसादांनंतर मी ब्युकॅननला तळाला ठेवतो, कारण राज्ये फुटून निघत असताना तो बसून राहिला. पिअर्स आणि जॉन्सन यांच्यात कोण खाली, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला नाही. जॉन्सनने मुक्त झालेल्यांना मिळू शकणारे हक्क अडवले, पिअर्सने मुक्तीच्या प्रदेशाची सीमाच पुसली. डिक्स यांच्या विधेयकाच्या नकाराचे वजन यादी करणाऱ्यांनी धरले आहे की नाही हे कळले, तर माझे मत एक-दोन घरे सरकेल. स्वस्थचित्त यांनी त्या नकाराच्या परिणामांवर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

स्वस्थचित्त

लिहीन, पण स्वतंत्र धाग्यात. त्यात नायिका डिक्स असतील आणि पिअर्सला एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा मिळणार नाही.